कागदावर शहाड

इंग्रजी न येणारी इंग्रजीची शिक्षिका म्हणून मी ठाण्याजवळच्या दिव्यात चार वर्षं नोकरी केली. यात कुणाचीच फसवणूक नव्हती, असं आमच्या संचालकांचं म्हणणं होतं. कारण मुलांनाही ते येत नव्हतं, पालकांनाही येत नव्हतं आणि खुद्द संचालकांना त्याची कधी गरजच पडलेली नव्हती.

मुलाखतीत त्यांनी मला दोन मिनिटं इंग्रजीत बोलायला सांगितलेलं. मी साताऱ्याकडची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. सहावीत पाठ केलेला आईवरचा इंग्रजी निबंध अजून तोंडात होता, तो म्हणून दाखवला. आई संपायच्या आत त्यांनी हात वर केला आणि विचारलं, मी राहते त्या इमारतीत खोल्या किती. मी म्हटलं, सात मजले, मजल्याला आठ. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मला नोकरी दिली.

संचालक जवळच्याच गावचे, जमीनवाले. त्यांच्या वडिलांनी त्या जागेत भात लावला, यांनी इमारती लावल्या, आणि खालचे गाळे दुकानांना जाईनात तेव्हा शाळा लावली. नऊ गाळे, नऊ वर्ग. शाळा सुटली की घंटेऐवजी शटरं पडायची. शाळेच्या नावात एक ख्रिस्ती संत होता. त्याचं नाव सरळ उच्चारणारा माणूस त्या इमारतीत मला भेटला नाही, पण रंगीत बोर्डावर तो फार शोभून दिसायचा. "मॅडम, लोकांना शाला नको असते, बोर्ड पायजेल असतो," असं संचालक सांगायचे. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला सगळ्या शिक्षिकांना साडी द्यायचा आणि पगार उशिरा देताना चेहरा खरोखर पडलेला असायचा.

शाळेच्या आवारात फक्त इंग्रजी बोलायचं असा नियम होता. त्यामुळे आवारात फार शांतता असे. पाहायला आलेले पालक त्या शांततेला शिस्त म्हणत. मुलांना एक वाक्य मात्र अर्थासकट येई, शौचालयाला जाऊ का विचारण्याचं. ते इतकं सफाईदार येई की काही मुलं दिवसातून आठ-आठ वेळा ते बोलून घेत.

एप्रिल-मे हा आमचा हंगाम. आंब्यांचा, लग्नांचा आणि ॲडमिशनचा. शाळेची आकाशी साडी नेसून, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन आम्ही इमारती चढायचो. दिव्यातल्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही. कुठून तरी प्रशिक्षण घेऊन आलेल्या संचालकांनी आम्हाला शिकवलं होतं की पालक म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे राजा. आता निवडीचा जमाना आहे, सरकार पण तेच म्हणतं, ज्याला जी शाळा आवडेल ती त्याने घ्यावी. दिव्यातले राजे त्या दिवसांत हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभे असत. आम्ही रांगेतच पत्रकं वाटायचो. उन्हात पत्रकाने वारा घेता येतो, त्यामुळे ती कुणी टाकायचं नाही.

माझ्याच मजल्यावर एक वहिनी राहायची. माणगावकडची. नवरा रंगकाम करायचा आणि ती शिळफाट्याच्या एका गाळ्यात मसाल्याची पाकिटं भरायची. तिच्या हाताच्या रेषा कायम पिवळ्या. तिची मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत दुसरीत होती आणि वाचायची तिला खोड होती. रिक्षाच्या मागचं, रेशन दुकानाच्या फळ्यावरचं, आईने आणलेल्या फाटक्या पाकिटावरचं, जे दिसेल ते मोठ्याने वाचायची. जिना चढताना वीजमीटरवरची नावं वाचत यायची. आमच्या मजल्यावर कोण मालक आणि कोण भाडेकरू हे मला त्या मुलीमुळे कळलं.

अशा मुलीला शाळा बदलायला सांगायची वास्तविक गरज नव्हती. पण मला त्या वर्षी बारा मुलं आणायची होती आणि अकरा झालेली.

वहिनी काही भोळी नव्हती. कांदे घेताना जशी एकेक हातात घेऊन दाबून बघायची, तसे तिने मला तीन प्रश्न विचारले. बाई मुलांना मारतात का? मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का? आणि उद्या आमचं इथलं काही जमलं नाही, गावाला परत जावं लागलं, तर तुमचा दाखला तिकडे चालेल का?

मारत नाहीत म्हटलं. कडी आहे म्हटलं, ती मी स्वतः दुरुस्त करून घेतली होती. तिसऱ्याला म्हटलं, चालेल की, न चालायला काय झालं? त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं. माझी स्वतःची मुलगी तिथेच पहिलीत होती, शिक्षिकेची म्हणून फी माफ.

तरी तिचा पाय अडत होता. शेवटी कशाने निघाला ते तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं. सकाळी सातला मजल्यावरची सगळी पोरं टाय लावून उतरायची. तिची एकटी दुपारी बाराला दोन वेण्या घालून निघायची, आणि जिन्यात कुणी ना कुणी विचारायचंच, "म्युन्सिपाल्टीत का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. पण रोज विचारलं जायचं.

ॲडमिशन झालं. बेस पक्का व्हावा म्हणून आम्ही मुलीला पुन्हा दुसरीतच बसवलं. हा आमच्या शाळेचा रिवाज होता. एक वर्ष जास्त शिकलेलं बरं, असं आम्ही सांगायचो, आणि ते एक वर्ष फी भरलेलीही बरी, हे सांगायचं राहून जायचं. पालिकेच्या शाळेचा दाखला मीच घेतला आणि फाइलला लावला. त्या दिवसापासून वहिनी मला ताईऐवजी मॅडम म्हणायला लागली.

त्याच आठवड्यात जिन्यात मला पालिकेच्या त्याच शाळेतल्या बाई भेटल्या. त्यांच्याही हातात कागद, त्यांच्याही कपाळावर घाम. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, बोलणं अगदी पुस्तकासारखं. त्यांनी माझी आकाशी साडी पाहिली आणि विचारलं, "चौथा मजला तुमचा झाला का? मग मी पाचव्यापासून सुरू करते." दोघीही दमलेल्या होतो. पायरीवर बसलो आणि माझ्या बाटलीतलं पाणी दोघींनी घेतलं.

त्यांची अडचण साधी होती. शाळेचा पट घसरला की शिक्षक जादा ठरतात, आणि जादा शिक्षकाची बदली कुठे होईल सांगता येत नाही. म्हणून पंचवीस वर्षं वर्गात शिकवलेल्या बाई आता उन्हाळ्याच्या सुट्टीत दारं वाजवत होत्या. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचं जेवण फुकट, एवढं सांगूनही कुणी येत नव्हतं.

"फुकट म्हटलं की लोकांना संशय येतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही फी घेता ना, म्हणून तुमच्यावर विश्वास."

मी विचारलं, तुमची मुलं कुठे शिकली? त्या हसल्या. दोघंही कॉन्व्हेंटला. मग त्यांनी मला विचारलं, आणि मी माझी मुलगी आमच्याच शाळेत आहे म्हणून सांगितलं. "म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा प्रामाणिक," असं म्हणून त्या गुडघ्यावर हात ठेवत उठल्या आणि पाचव्या मजल्याकडे गेल्या. आमच्या इमारतीतून त्यांना त्या वर्षी एकही मूल मिळालं नाही.

हा माझा प्रामाणिकपणा पुढे दहा महिने टिकला.

मार्चमध्ये एक पालक गावाला परत निघाली आणि दाखला मागायला आली. संचालक कुठे लग्नाला गेलेले, म्हणून तो काढायचं काम माझ्याकडे आलं. कपाटात दाखल्याचं पुस्तकच नव्हतं. मी फोन केला तर ते म्हणाले, दोन दिवस थांबायला सांगा, शहाडवरून येईल. मला कळेना की आमच्या शाळेचा दाखला पार कल्याणपलीकडच्या शहाडवरून का यायचा. तो आला तेव्हा त्यावर भलत्याच शाळेचं नाव होतं. मूल पहिलीपासून तिथे शिकल्याचं लिहिलेलं, वर शिक्का.

संचालकांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. शाळेला मान्यता नव्हती. सरकारी यादीत प्रत्येक शाळेचा अकरा आकडी नंबर असतो, तो आम्हाला नव्हता. शहाडच्या त्या शाळेला मान्यता होती, मुलं नव्हती. आमच्याकडे मुलं होती, मान्यता नव्हती. मग दोघांनी एकमेकांची नड भागवली. आमची मुलं रोज दिव्यात बसायची आणि कागदावर शहाडला शिकायची. "कोनाचं नुकसान नाय बगा," ते म्हणाले. फाइल टाकलेली आहे, मान्यता आज ना उद्या येईल. चार वर्षं ती आज ना उद्या येत होती.

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो डोंबिवलीत हार्डवेअरच्या दुकानात कामाला. त्याच्या मालकाच्या ओळखीने तिथल्या एका जुन्या अनुदानित मराठी शाळेत जूनमध्ये आमच्या मुलीला जागा मिळाली. तिला पुन्हा मराठी मुळाक्षरं गिरवावी लागली, पण त्या शाळेचे दाखले त्याच शाळेतून निघत.

मजल्यावर विचारणा झाली. वहिनीनेही विचारलं, मुलगी का काढली? मी म्हटलं, ह्यांचं दुकान तिकडे आहे ना, जाता-येता सोयीचं पडतं. तिने मान डोलावली. तिची मुलगी त्या वर्षी तिसरीत गेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही मी आकाशी साडी नेसून जिने चढले आणि तेरा मुलं आणली. नोकरी होती, मुलीचा रिक्षाचा खर्च होता, आणि फक्त आमचीच शाळा तशी आहे असंही नव्हतं. अशी कारणं माझ्याकडे भरपूर होती. सगळी चांगल्या मराठीत.

त्यानंतरच्या जुलैत, वहिनीची मुलगी चौथीत असताना, पालिकेची माणसं आली. त्यांनी आमच्या शटरच्या बाजूला एक फलक लावला. ही शाळा अनधिकृत आहे, पालकांनी येथे प्रवेश घेऊ नये. अक्षर सुबक होतं. पहिलीतल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी त्या फलकाला फूल वाहिलं, कारण शाळेच्या दाराशी नवीन पाटी लागली की पूजा असते एवढंच त्यांना माहीत होतं.

पालकसभा झाली. संचालकांनी सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं की फलक शाळेच्या जुन्या नावावर आहे. सोमवारपासून शाळेचं नाव बदलत आहे, नव्या नावात इंटरनॅशनल आहे, फी तीच राहील. आधी जरा गडबड झाली, मग लोक एकेक करून उठून गेले. माझा समज होता की अर्धे तरी मुलं काढतील. दहा-बारा जणांनी काढली. बाकीच्यांनी दप्तरं घेतलेली, पुस्तकं घेतलेली, अर्ध्या वर्षाची फी भरलेली. जुलैत दुसरी कुठली शाळा घेणार? निवडीचं स्वातंत्र्य जूनपर्यंतच असतं. सोमवारी शटरं वर गेली आणि नव्या बोर्डाखालून जुनीच मुलं आत आली.

वहिनीने मुलीला आणलं नाही. गाळ्यावरची एक दिवसाची मजुरी बुडवून ती थेट पालिकेच्या शाळेत गेली. तिथे त्याच बाई होत्या. त्यांनी मुलीला ओळखलं, दाखला नसला तरी घेते म्हणाल्या, वयाप्रमाणे पाचवीत बसवते. पण संगणकावर नाव घालायला गेल्या तर ते चढेना. मुलगी आधीच शहाडच्या शाळेत शिकते आहे, असं संगणक सांगत होता. तिकडून नाव सुटल्याशिवाय इकडे येणार नव्हतं. बाईंनी वर्गात बसवून घेतलं आणि सवडीने ते नाव सोडवून आणा म्हणाल्या.

वहिनीला यातलं काहीच कळलं नाही. ती माझ्या दारात आली, फक्त एवढं म्हणाली की शहाडला जायचंय, सोबत या. मी गेले. मुलगीही होती.

ती शाळा खरी होती. दगडी पायऱ्या, समोर मैदान, मैदानात पिंपळ, खरी लोंबती घंटा. बहुतेक वर्गांना कुलपं होती. ऑफिसातल्या कारकुनाने नाव विचारलं आणि रजिस्टर काढलं. वरून बहुधा फोन आलेला असावा, कारण त्याने काही विचारलं नाही. उलट बसायला खुर्ची दिली. पानं उलटता उलटता तो कौतुकाने म्हणाला, "मुलगी नियमित आहे हो तुमची. एक दिवस खाडा नाही."

वहिनी पुढे वाकली. सगळ्या रकान्यांत हजर. दोन वर्षं, ओळीने.

"फेब्रुवारीत हिला कावीळ झालेली," ती म्हणाली. "तीन आठवडे अंथरुणावर होती. तेव्हा पण आलेली का?"

कारकुनाने रजिस्टर मिटलं.

मुलगी तोवर दारातून समोरच्या वर्गात डोकावत होती. तिने मला विचारलं, मी ह्या वर्गात होते का? मी हो म्हटलं. ती जाऊन पहिल्या बाकावर बसून आली. फळ्यावर कुणीतरी मराठीत सुविचार लिहिला होता. पूर्वी तिने तो पायरीवरूनच मोठ्याने वाचला असता. आता ती फळ्यासमोर उभी राहून एकेक अक्षर जुळवत राहिली आणि जोडाक्षरापाशी थांबली. मी सांगितलं नाही. वहिनीही बघत होती.

दाखला मिळाला. वर्तणुकीपुढे उत्तम असं लिहिलेलं होतं.

बाहेर येऊन आम्ही वडापाव घेतला. मुलगी खात होती आणि आम्ही दोघी टपरीच्या सावलीत उभ्या होतो. वहिनीने दाखल्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली, चेन लावली, पुन्हा उघडून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीला तुम्ही डोंबिवलीला घातलंत. ते दुकान जवळ पडतं म्हणूनच ना?"

तिला हो हवं होतं असं मला अजूनही वाटतं. हो म्हटलं असतं तर तिने ते घेतलं असतं, आणि आम्ही दोघी निमूट घरी आलो असतो. चार वर्षं मी तिच्यासारख्या बायांना हो म्हणत आलेले, माझी जीभ त्यात तयार होती.

मी नाही म्हटलं.

ती भांडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तिने मुलीचं तोंड पदराने पुसलं, वडापावचे पैसे माझ्या आधी पुढे करून देऊन टाकले आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागली. मी दहा पावलं मागून चालत होते.

मी नोकरी सोडली ती दिवाळीनंतर. तत्त्वासाठी सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. पण आधी दिवाळीची साडी घेतली, मग सोडली. आता कल्याणला एका क्लासच्या चौकशी खिडकीत बसते. तिथे येणाऱ्या पालकांना निकालाचे फोटो दाखवायचे असतात. कुणी विचारलं की ही मुलं खरंच इथलीच का, तर मी खरं ते सांगते, निम्मी इथली. मालक वैतागतात. लोक निम्म्यावरही खूश असतात.

वहिनीची मुलगी आता सातवीत आहे. तिचं वाचन परत यायला वर्ष गेलं. बाईंनी शाळा सुटल्यावर तिला रोज अर्धा तास बसवून घेतलं, निवृत्त होईपर्यंत. पालिकेच्या शाळेने पट टिकवायला सेमी इंग्रजीची तुकडी काढली आहे, ती त्यात आहे. दुपारी बाराला जिना उतरते. कुणी विचारत नाही, विचारणारे बहुतेक बदलापूरकडे राहायला गेले.

वहिनीशी माझं बोलणं आहे. टँकर आला की ती माझ्या दारावर थाप मारते. सणाला घावने पाठवते. पण गेल्या वर्षी तिच्या धाकट्या मुलाला शाळेत घालायचं होतं, तेव्हा तिने मजल्यावर सगळ्यांना विचारलं, खालच्या वाण्याला विचारलं, माझ्या नवऱ्यालाही विचारलं. मला विचारलं नाही. कुठे घातलं ते मला जूनमध्ये त्याच्या गणवेशावरून कळलं. इंग्रजी मीडियम, टाय. नवऱ्याने सांगितलं की वहिनी त्या शाळेत जाऊन अकरा आकडी नंबर मागत बसलेली, आणि तो मोबाइलवर मुलीकडून तपासून घेतल्याशिवाय तिने फॉर्मवर सही केली नाही.

मुलीला पालिकेची आणि मुलाला टायवाली, याबद्दल मला तिला एक प्रश्न विचारायचा होता. जिन्यात भेटली तेव्हा ओठांवर आलेलाही. ती दोन हंडे घेऊन चढत होती. मी एक हंडा तिच्या हातातून घेतला, आणि आम्ही वर आलो.